फाटक नसलेला कारखाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



२०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि पुण्याच्या हिंजवडीपासून बंगलोरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतच्या संगणक कंपन्यांनी आपले लक्षावधी कर्मचारी अवघ्या काही दिवसांत घरी बसविले. कचेरी घरात आली. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत असा रुळला की, त्याला प्रतिशब्द शोधण्याचीही गरज कोणाला भासली नाही. समाजवादी चळवळीने या घटनेकडे त्या वेळी फारसे लक्ष दिले नाही, आणि तेही स्वाभाविकच होते. त्याच आठवड्यांत मुंबई-पुण्याचे मजूर कच्चीबच्ची खांद्यावर घेऊन शेकडो मैलांची वाट पायी तुडवीत होते. त्यांचे हाल डोळ्यांसमोर असताना, खुर्चीवरून उठून घरच्या खुर्चीवर जाऊन बसलेल्या अभियंत्याची चिंता कोणाला वाटावी?

परंतु टाळेबंदी उठली, मजूर परतले, आणि कामाची ही नवी रीत मात्र पुरती गेली नाही. आठवड्यातले काही दिवस घरी, काही दिवस कचेरीत. नायक एका शहरात, त्याचे सहकारी चार शहरांत. एकमेकांची भेट पडद्यावर. अशा विखुरलेल्या चमूंचे नेतृत्व कसे करावे, त्यांना वाढवावे कसे, यावर व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके धडाधड बाहेर पडू लागली. त्या पुस्तकांचा सूर असा की, जणू घरी बसून मालकाचे काम करणे हा एकविसाव्या शतकाचा शोध आहे. सोलापूरच्या, सिन्नरच्या वा अहिल्यानगरच्या विडी कामगार स्त्रीने हे वाचले तर तिला हसू येईल. तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, रात्रंदिवस विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेऊन मोजून द्यायच्या, हे तिच्या आजीपासून चालत आलेले आहे.

विडी वळणारी स्त्री आणि संगणकाचा अभियंता यांची तुलना अनेकांना ओढूनताणून आणलेली वाटेल. पगारात, शिक्षणात, प्रतिष्ठेत त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे उघडच आहे. तथापि मालकाच्या नजरेआड होणाऱ्या श्रमाचे नियंत्रण कोणी व कसे करावे, घराचे भाडे आणि विजेचे बिल कोणी भरावे, काम नसेल त्या दिवसाची झळ कोणी सोसावी, हे प्रश्न दोघांनाही सारखेच लागू पडतात. या दोन टोकांच्या मधोमध उभे असलेले एक उदाहरण इंग्लंडमध्ये साठ वर्षांपूर्वी घडले. त्याचा अभ्यास कार्यकर्त्यांनी अवश्य करावा. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही.

स्टेफनी शर्ली हे नाव महाराष्ट्रात फारसे परिचित नाही. १९३३ साली जर्मनीतील डोर्टमुंड येथे एका ज्यू न्यायाधीशाच्या पोटी जन्मलेली ही मुलगी १९३९ च्या उन्हाळ्यात, वयाच्या पाचव्या वर्षी, नाझींच्या तावडीतून सोडविलेल्या मुलांच्या आगगाडीने इंग्लंडला पोचली. सोबत नऊ वर्षांची बहीण, बाकी कोणी नाही. अठराव्या वर्षी ती लंडनमधील डॉलिस हिलच्या टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागली आणि तेथेच तिला संगणकाची गोडी लागली. बुद्धी होती, कष्ट होते. बढतीची वेळ आली की मात्र स्त्री असणे आड येई. अखेर १९६२ साली तिने नोकरी सोडली आणि सहा पौंडांच्या भांडवलावर, आपल्याच घरात, ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ हा उद्योग सुरू केला. स्वतःच्या नावाने पाठविलेल्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा नवऱ्याच्या सूचनेवरून ती ‘स्टीव्ह शर्ली’ अशी सही करू लागली. मग उत्तरे येऊ लागली! ऑगस्ट २०२५ मध्ये, ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झाले, निदान पहिले मूल झाले, की शिकलेल्या स्त्रीने नोकरी सोडावी असा रिवाज होता. संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची विद्या अवगत असलेल्या कितीतरी स्त्रिया अशा तऱ्हेने घरी बसल्या होत्या. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, समाजाने खर्च करून घडविलेले कौशल्य निरुपयोगी पडून होते. शर्लीबाईंनी नेमक्या याच स्त्रिया हेरल्या. अर्जदाराला प्रश्न असे की, तुमच्यापाशी टेलिफोनची सोय आहे काय? कारण कामाच्या जागी जाण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या तीनशे जणांत पुरुष अवघे तीन होते. आणि पुढे १९७५ साली स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा ब्रिटनमध्ये आला, तेव्हा या कंपनीला पुरुषांनाही दार उघडे करणे भाग पडले. स्त्रियांच्या हिताच्या कायद्याने स्त्रियांच्याच कंपनीला हा बदल करायला लावावा, ही इतिहासाची गंमत आहे.

काम कसे चाले ते पाहण्याजोगे आहे. आजच्यासारखा घरोघर संगणक तेव्हा नव्हता. संगणक म्हणजे खोली भरून राहणारे यंत्र. घरी बसलेली स्त्री कागद-पेन्सिल घेऊन आधी कामाचा आराखडा रेखाटी, मग आज्ञावली हाताने लिहून काढी. ते कागद टपालाने केंद्रावर जात, तेथे पट्टीवर वा पत्त्यांवर छिद्रे पाडली जात, आणि चूक राहू नये म्हणून तीच छिद्रे पुन्हा एकदा पाडून ताडून पाहिली जात. टपालाला दिवस लागत. म्हणजे चुकीची किंमत मोठी, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारावे म्हटले तर शेजारी फक्त पाळण्यातले मूल. १९६६ साली काढलेले अ‍ॅन मोफॅट यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते : घरातले टेबल, त्यावर कागद, आणि बाजूला तान्ही मुलगी. काँकॉर्ड या स्वनातीत विमानातील उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या ‘काळ्या पेटी’शी संबंधित आज्ञावली अशाच घरोघर बसलेल्या सुमारे तीस स्त्रियांच्या गटाने तयार केली.

न दिसणाऱ्या तीस माणसांचे नेतृत्व करायचे कसे? गिरणीच्या मालकापाशी याचे उत्तर होते : भोंगा, फाटक, हजेरीपट आणि मुकादम. शर्लीबाईंपाशी यांतले काहीच नव्हते. म्हणून त्यांना कामाचीच नव्याने मांडणी करावी लागली. ग्राहकाला किंमत ठरवून सांगायची, म्हणजे काम किती आहे याचा अंदाज अचूक हवा. काम अशा तुकड्यांत पाडायचे की, प्रत्येकीला आपला तुकडा स्वतंत्रपणे करता यावा आणि तरी तो दुसरीच्या तुकड्याशी जुळावा. प्रत्येक टप्प्यावर काय लिहून ठेवायचे, कोणी तपासायचे, हे आधीच ठरलेले. कोण किती वाजता टेबलाशी बसली याच्याशी कर्तव्य नाही. मूल निजल्यावर रात्री अकराला बसली तरी चालेल. त्यांनी घालून दिलेल्या या शिस्तीतील काही पद्धती पुढे ‘नाटो’ने स्वीकारल्या. एका निर्वासित मुलीने घरातल्या घरात बसविलेली घडी लष्करी संघटनेच्या उपयोगी पडली, याचा आनंद मानायचा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या ठिकाणी एका जुन्या पुस्तकाची आठवण करून देणे अगत्याचे आहे. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावर दिल्या जाणाऱ्या मजुरीचे विवेचन केले आहे. त्याचा मुद्दा असा की, मजुरी नगावर ठरली की कामाचा वेग आणि दर्जा यांवर नजर ठेवण्याचे काम मजुरीची रीतच करते; देखरेख बऱ्याच अंशी अनावश्यक होते, आणि म्हणूनच घरगुती श्रमाचा पाया या मजुरीत सापडतो. मुकादम नाहीसा होत नाही, तो कामगाराच्या मनात जाऊन बसतो. विडी वळणाऱ्या स्त्रीला हे पुस्तकातून कळण्याची गरज नाही. तिची हजाराची मोजणी पुरी होईपर्यंत तिच्यावर कोणी ओरडत नाही, आणि तरीही ती उठत नाही.

मग शर्लीबाईंची कंपनी म्हणजे सुशिक्षितांसाठी विडी कारखानाच होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विडीच्या धंद्यात कामगाराच्या कौशल्यात मालक एका पैचीही भर घालीत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी ती जे काम करीत होती तेच पन्नासाव्या वर्षीही करते, फक्त बोटे मंदावलेली असतात. या कंपनीत आज्ञावली लिहिणारी स्त्री पुढे इतरांच्या कामाचा अंदाज बांधू लागे, गट चालवू लागे. दूरच्या माणसांना वाढविणे याचा खरा अर्थ हाच आहे, आणि आजच्या पुस्तकांत सांगितल्या जाणाऱ्या साप्ताहिक गप्पांच्या बैठकांपेक्षा तो कितीतरी खोल आहे. जबाबदारी वरच्या पायरीवरून खाली सोपविली जाते की नाही, हे पाहावे. बाकी सारे उपचार.

पण नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. कंपनीच्या नावातच ‘फ्रीलान्स’ होते. काम असेल तर पैसा, नसेल तर नाही. १९७०-७१ च्या मंदीत कामे आटली तेव्हा कंपनी बुडता बुडता वाचली. कारखान्यात टाळे लागते तेव्हा निदान फाटकाबाहेर गर्दी जमते. येथे काम थांबले तेव्हा आपापल्या घरात टपालाची वाट पाहत बसण्यापलीकडे काही घडण्याजोगे नव्हते. शिवाय घराची जागा, टेलिफोन, दिवा, कोळसा, हे सारे तिचेच. आणि मूल तर तिचेच. सरकारने पाळणाघरे काढावीत, नवऱ्याने निम्मे घरकाम करावे, या मागण्यांचे काय झाले? घरी बसून काम देणाऱ्या व्यवस्थेने त्या मागण्यांची धार थोडी बोथटच केली. शर्लीबाई ग्राहकाशी टेलिफोनवर बोलताना मागे टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवीत, म्हणजे मुलाचे रडणे पलीकडे ऐकू जाऊ नये. या एका तपशिलात त्या व्यवस्थेचे कौतुक आणि तिची मर्यादा दोन्ही आहेत. साठ वर्षांनंतर पुण्यातली अभियंता स्त्री पडद्यावर आपल्यामागे समुद्रकिनाऱ्याचे चित्र लावते, तेव्हा ती स्वयंपाकघराची फोडणीच लपवीत असते.

मालकीच्या प्रश्नावर मात्र शर्लीबाई इतर मालकांहून निश्चित वेगळ्या निघाल्या. आपल्या हिश्शातून, दुसऱ्या कोणाला तोशीस न लावता, त्यांनी कंपनीचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग कर्मचाऱ्यांच्या हाती दिला, आणि १९९१ साली तर कंपनीचे नियंत्रणच कर्मचाऱ्यांकडे गेले. समाजवाद्यांनी टाळी वाजवावी असाच हा प्रसंग! परंतु पुढचे प्रकरणही वाचले पाहिजे. १९९६ मध्ये कंपनीचे भाग शेअर बाजारात आले. कर्मचाऱ्यांपैकी सत्तर जण लक्षाधीश झाले, आणि ते पौंडांतले लक्षाधीश. भाग विकाऊ झाले, तेव्हा ते विकले जाणारच. २००१ मध्ये कंपनीचे नाव ‘झान्सा’ झाले, २००७ मध्ये ‘स्टेरिया’ या फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली. व्यक्तिगत हिस्सेदारीने कामगार श्रीमंत होऊ शकतो. त्याची संस्था त्याच्या हाती राहतेच असे नाही. ब्रिटनमधील ‘जॉन लुईस’ या दुकानांच्या साखळीत १९२९ पासून मालकी विश्वस्तांकडे आहे, कर्मचाऱ्याला आपला वाटा उचलून बाजारात नेता येत नाही. तेथेही सगळे आलबेल आहे असे नाही, पण मालकी टिकली आहे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांचे काय झाले हे ठाऊक असणाऱ्या श्रोत्यांना या भेदाचे महत्त्व विस्ताराने सांगायला नको.

‘झान्सा’चा भारताशीही संबंध आला. लंडनजवळच्या घरांतून निघालेला उद्योग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नोएडाच्या कचेरीत पोचला, कारण येथला अभियंता स्वस्त पडत होता. प्रथम बाजूच्या गल्लीतली स्त्री दूरस्थ होती, मग दुसऱ्या खंडातला तरुण दूरस्थ झाला. दूर असलेल्या माणसाकडून काम करून घेण्याची विद्या एकदा साधली की अंतर किती आहे याला मर्यादा राहत नाही. हिंजवडीतला जो अभियंता आज घरून काम करण्याचा हक्क मागतो त्याने हेही मनात ठेवावे की, जे काम त्याच्या घरून होते ते त्याच्याहून स्वस्त माणसाच्या घरूनही होऊ शकते. म्हणून ही मागणी एकट्याने करण्याची नाही.

आता येथली परिस्थिती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० साली जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत कंपनीच्या एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांनीच कचेरीत असणे पुरेसे होईल. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलाविले. मधल्या तीन वर्षांत कितीतरी तरुणांनी गावाकडे बिऱ्हाडे हलविली होती, आईबापांच्या आजारपणाच्या व्यवस्था त्या भरवशावर लावल्या होत्या. घरी जा म्हणून सांगताना त्यांना विचारले नव्हते, या म्हणून सांगतानाही विचारले नाही. दरम्यान सरकारनेही नियम बदलले : नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने घरून काम करण्यावरील अटी सैल केल्या, जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांना निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत ती मुभा दिली. करसवलतीच्या क्षेत्रातला माणूस कोठे बसतो हा प्रश्न उद्योग आणि सरकार यांच्यात सुटला. ज्याने बसायचे तो त्या चर्चेत नव्हता. कामाची दिनचर्या बदलणे हा वाटाघाटीचा विषय आहे, हे तत्त्व बोनस आणि महागाई भत्ता यांच्याइतकेच ठामपणे मांडायला हवे.

यासाठी परदेशी पुस्तके शोधण्याआधी घरातला वारसा तपासावा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मालकाकडून वा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीला ‘कामगार’ म्हणून मान्यता दिली. मालक न्यायालयात गेले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. पुढे भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला. मालकांचा युक्तिवाद असा की, घरी बसून वळणाऱ्या स्त्रीवर आमची देखरेखच नाही, मग ती आमची कामगार कशी? १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, वळून आणलेल्या विड्यांतून वाईट ठरवून नाकारण्याचा अधिकार मालकापाशी आहे, आणि तो अधिकार हेच नियंत्रण होय. देखरेख डोळ्यांनीच करावी लागते असे नाही, हे येथे कायद्याने ओळखले. आज ‘स्वतंत्र भागीदार’ वा ‘मुक्त सल्लागार’ म्हणून ज्यांची बोळवण केली जाते त्या सर्वांच्या उपयोगी पडेल असे हे सूत्र विडी कामगारांनी मिळवून दिलेले आहे. १९६६ चा कायदा २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. जुन्या कायद्यातले संरक्षण नव्या नियमांत कितपत उतरते, यावर संघटनांना कलमागणिक पहारा ठेवावा लागेल. घरकामगारांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ वा ठराव १९९६ साली मंजूर झाला, भारताने त्याला अद्याप अनुमती दिलेली नाही.

विडी कामगाराच्या लढ्यात नोंदवहीला मोठे महत्त्व होते. किती माल दिला, किती विड्या आल्या, किती छाट म्हणून काढल्या, याची नोंद कामगाराच्या हाती असली पाहिजे, म्हणजे ती कोणाची कामगार आहे हे नाकारता येणार नाही. संगणक कामगाराची अडचण उलटी आहे. त्याची नोंद कमी नाही, अतिरेकी आहे. काही ठिकाणी कळफलकावर किती वेळा बोट पडले, पडदा किती मिनिटे निश्चल होता, हेही टिपले जाते. पण ती नोंदवही मालकाच्या तिजोरीत. रात्री अकराला आलेला निरोप आणि त्याला दिलेले उत्तर हा जादा कामाचा पुरावा आहे. त्याची प्रत कामगाराला मिळाली पाहिजे, ही मागणी आज कोणत्याच मागणीपत्रकात दिसत नाही.

कामाच्या वेळेबाहेर संपर्क न साधण्याचा प्रश्न इतरत्र कायद्याने हाताळला गेला आहे. फ्रान्समध्ये तशी तरतूद २०१७ च्या जानेवारीपासून अमलात आली. पोर्तुगालने २०२२ पासून वेळेबाहेर कर्मचाऱ्याला त्रास न देण्याची जबाबदारी मालकावर टाकली, आणि घरून काम करताना येणारा विजेचा व इंटरनेटचा वाढीव खर्चही मालकाने भरावा असे ठरविले. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशा आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. खाजगी विधेयकांच्या वाट्याला येते तेच त्याच्याही वाट्याला आले.

राहिला संघटनेचा प्रश्न, आणि कार्यकर्त्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पाळी सुटण्याच्या वेळी फाटकावर उभे राहिले की हजार माणसे भेटत. द्वारसभा हे ट्रेड युनियन चळवळीचे मुख्य हत्यार होते. विखुरलेल्या कामगाराला फाटकच नाही. विडी संघटनांनी यावर शोधलेला उपाय साधा होता : विड्या जमा करण्याच्या वेळी कारखान्याच्या शाखेपाशी जायचे. तेवढा तासभर सगळ्या जणी एकत्र असतात. आशा कार्यकर्त्यांचे उदाहरण याहून ताजे आहे. गावोगाव एकेकट्या हिंडणाऱ्या, मोबाईलवर हुकूम घेणाऱ्या, कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ म्हणविल्या जाणाऱ्या या स्त्रियांनी महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये दीर्घ संप केले. प्राथमिक आरोग्य केंद्रावरची मासिक बैठक आणि हातातला तोच मोबाईल, ही त्यांची जमण्याची ठिकाणे होती. ज्या साधनाने वरून आज्ञा येतात त्याच साधनाने आडव्या दिशेने निरोप जाऊ शकतात, हे त्यांनी अभियंत्यांच्या आधी ओळखले.

आठवड्यातून दोन-तीन दिवस कचेरीत यायचे, अशी रीत जेथे ठरली आहे तेथे ते दिवस हेच आजचे फाटक आहे. कोणत्या कंपनीत ते कोणते वार आहेत, बसगाड्या कोठे थांबतात, जेवणाची सुटी केव्हा होते, याची यादी हिंजवडी-खराडी परिसरातल्या शाखांनी प्रथम करावी. आणि घरी जाऊन भेटायचे झाल्यास पहिला प्रश्न पगाराचा विचारू नये, त्याचे उत्तर कोणी देत नाही. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात कामाचे टेबल कोठे मांडले आहे, आणि ते मांडल्यापासून घरातले कोण कोठे झोपते, एवढेच विचारावे.